‘पाणी जड झालंय’

वाचकाचं पत्र :
नमस्कार. लांजा तालुक्यात आमची आंब्याची बाग आहे आणि ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं आहे. जमीन जांभ्याची, पाणी ठरत नाही, म्हणून आत प्लास्टिकचा कागद घातलाय. मुंबईची नोकरी सोडून आलो आणि यंदा जुलैत तळ्यात गोड्या पाण्यातल्या जंबो कोळंबीचं ४५०० बीज सोडलं. परवा पाग टाकून वजन केलं, सरासरी २० ग्रॅम भरली. पण परतीचा पाऊस सुरू झाल्यापासून तीन सकाळी मिळून पन्नासेक कोळंबी मेलेली सापडली, बहुतेक मऊ सालीची. मी ऑक्सिजन मोजायचा मीटर आणलाय. दुपारी चारला तो १०-११ दाखवतो, म्हणजे ऑक्सिजन चांगलाच आहे ना? आई म्हणते, पहाटे झिंगे काठाला येऊन बसतात, बॅटरी मारली की डोळे चमकतात, ‘पाणी जड झालंय’. खाद्याच्या दुकानदाराने ऑक्सिजनच्या गोळ्या दिल्या. ५ किलो टाकल्या, फरक नाही. त्याचं म्हणणं, कोळंबी लहान-मोठी झाली आहे, एकमेकांना खाते आहे, तेव्हा खाद्य रोजच्या ६ किलोवरून ८ वर न्या. लपायला आम्ही माडाच्या झावळ्या टाकल्यात. पाणी हिरवं राहावं म्हणून मधूनमधून शेणकालाही टाकतो. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) घ्यावा का? किती एचपीचा?
— एक वाचक, लांजा

उत्तर :

तुमच्याकडे साक्षीदार दोन आहेत, मीटर आणि आई. दोघंही खरंच बोलतात. फक्त मीटर दुपारी चारचं सांगतो आणि आई पहाटे चारचं. कोळंबी मेली ती पहाटे, तेव्हा मी आईंच्या बाजूने.

कारणं नंतर सांगतो, आधी आज रात्रीचं बघू. संध्याकाळचं खाद्य टाकू नका, उद्याचंही नको. दोन दिवसांच्या उपासाने कोळंबी मरत नाही, आणि तुमच्या तळ्यात खाणं पडलेलं आहेच. शेणकाला बंद, या हंगामापुरता नव्हे, कायमचा. झावळ्या उजेड आहे तोवर बाहेर काढा, पण एकेक, हळू, तळातला गाळ उठणार नाही अशा बेताने. बागेला पाणी देणारा पंप रात्री एकच्या सुमाराला चालू करता येईल असा तयार ठेवा. तळ्यातलंच पाणी उचलायचं आणि भोकं पाडलेल्या पाइपातून, डोक्याइतक्या उंचीवरून, कारंज्यासारखं परत तळ्यात पाडायचं. या कामाला फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाचं पाणी ओढणारं तोंड) तळाला टेकू देऊ नका, निदान मीटरभर वर टांगा, नाहीतर गाळच वर येईल. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सोडणार असाल तर तेही असंच फोडून सोडा. जमिनीखालचं पाणी थंडगार आणि नितळ दिसतं, पण त्यात प्राणवायू बहुधा नावापुरता असतो. पाइप तसाच बुडवून ते सोडलंत तर तुम्ही कोळंबीच्या अंगावर आणखी एक जड पाणी ओतता.

आता दुपारच्या त्या १०-११ कडे येतो, कारण तुमचा सगळा घोटाळा त्या आकड्यात आहे. ३० अंश तापमानाचं गोडं पाणी हवेतून जेवढा प्राणवायू धरू शकतं, तो लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम असतो. पाणी जितकं तापेल तितका हा आकडा उतरतो. २० अंशांना तो ९ च्या आसपास असतो. मग तुमच्याकडे १०-११ कुठून आले? वरचे अडीच-तीन मिलिग्रॅम हवेने दिलेले नाहीत, पाणी ज्याने हिरवं दिसतं त्या सूक्ष्म शेवाळाने दिले. ऊन आहे तोवर ते प्राणवायू बनवतं. सूर्य मावळला की बनवणं थांबतं, पण श्वास घेणं थांबत नाही. ते शेवाळ, तळातले जीवाणू, कोळंबी, सगळे मिळून रात्रभर त्याच साठ्यातून ओढत राहतात.

गणपतीत चाकरमान्यांनी भरलेलं घर आठवा. दिवसा जो तो पिशवीतून काहीतरी काढून देतो, घर कसं संपन्न वाटतं. रात्री खिडक्या लावून सगळे एकाच माजघरात झोपले की पहाटे कुणाला तरी जीव घाबरून अंगणात येऊन बसावं लागतं. तुमची कोळंबी अंगणात येऊन बसते आहे.

म्हणून दुपारी मीटर जितका वर जाईल तितकं पहाटेला मी घाबरतो. दुपारी ७ आणि पहाटे ५ असं तळं मला आवडतं. दुपारी ११ दाखवणारं तळं पहाटे २ वर आलेलं असलं तर मला नवल वाटणार नाही. पाणी किती हिरवं असावं याला एक सोपं माप आहे. पांढऱ्या-काळ्या चकतीला खुणेची दोरी बांधून पाण्यात सोडा (जुन्या स्टीलच्या ताटलीला रंग दिलात तरी चालेल), ती दिसेनाशी होते ती खोली बघा. २५ ते ४० सेंटिमीटरमध्ये असेल तर ठीक. तुमची चकती १५ सेंटिमीटरवरच गायब होईल असा माझा अंदाज आहे.

हे माझ्यावरही बेतलंय, म्हणून जरा जोर देऊन लिहितोय. माझ्या दुसऱ्याच हंगामात, दिवाळीच्या तोंडावर, मी दुपारी मोजलं, ९ च्या वर आकडा आला, आणि निवांत झोपलो. तीन दिवस ढग होते, त्याचा विचारच केला नाही. सकाळी सातला तळ्यावर गेलो तर बगळे बांधावर रांगेत बसलेले, आणि एकही बगळा पाण्यात चोच घालत नव्हता. घालायची गरजच नव्हती. काठाच्या गवतात कोळंबी आपणहून चढून आलेली, ते नुसते उचलत होते. मीटर तेव्हाही खिशात होता. त्या हंगामात मी मीटरपेक्षा बगळ्यांवर जास्त विश्वास ठेवायला शिकलो. पहाटे काठाला बगळ्यांची गर्दी वाढली की समजावं, पाण्यात काहीतरी अडलंय.

रोहू-कटला असते तर तेच मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडी टाकून आ करताना दिसले असते, ते कुणालाही कळतं. कोळंबी तशी ओरडत नाही. ती तळावर चालणारी, रात्री हिंडणारी. श्वास अडला की ती तळ सोडते, काठाला येते, उथळात थबकते, जमलं तर पाण्याबाहेर अर्धी निघते. मातीच्या तळ्यात तिला पाय रोवायला जागा मिळते. तुमच्या कागदावर पाय घसरतात, म्हणजे पळून येण्याची वाटही निसरडी. काठाच्या पाण्यात चारही बाजूंनी जुनी जाळी उतरती सोडून ठेवा, कोळंबीला धरून बसता येईल आणि आईंना मोजायलाही सोपं जाईल. उजेडातसुद्धा काठाला दाटी दिसली तर मीटरची वाट बघू नका, पंप चालू करा.

मेलेल्यांत मऊ सालीच्या जास्त, ही तुम्ही टिपलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट. कोळंबी कात टाकूनच वाढते आणि कात टाकणं हे तिच्यासाठी बाळंतपणाइतकंच जोखमीचं. जुन्या कवचातून अंग सोडवायला जोर लागतो, मग अंग पाणी शोषून फुगतं, शिवाय अंगावरच्या कवचाबरोबर कल्ल्यांवरचं पातळ अस्तरही निघतं. नेमकं तेव्हा तिला प्राणवायू जास्त लागतो आणि तो घ्यायची ताकद कमी असते. (तिच्या रक्तात आपल्यासारखं लोहाचं नाही, तांब्याचं द्रव्य असतं, हिमोसायनिन. प्राणवायू मिळाला की ते निळसर होतं.) तळ्यात पहाटे सगळ्यांनाच कमी पडतं, पण कडक सालीची कशीबशी तग धरते. त्याच रात्री कात टाकायला बसलेली जाते, आणि सकाळी बाकीच्या तिला अर्धी खाऊन टाकतात. तुमचा दुकानदार ही अर्धी खाल्लेली कोळंबी बघतो आणि म्हणतो, ‘भूक लागली आहे, खाद्य वाढवा.’ मऊ कोळंबीला खाणं हा यांचा स्वभावच आहे, पोट भरलेलं असलं तरी. पण तुमच्याकडची बरीचशी आधी गुदमरली असेल, खाल्ली नंतर गेली.

आकड्यांत सांगायचं तर लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर ती मजेत असते. ३ ते ५ मध्ये चालून जातं. २ च्या खाली गेली की ताण, १ च्या आसपास मरणं सुरू. या मधल्या २-३ च्या पट्ट्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण तिथे मेलेली कोळंबी तरंगत नाही. पण रोज पहाटे दोन-तीन तास तिथे काढणारी कोळंबी खात नाही, तिची कात लांबते, अंगावर शेवाळ धरतं, रोग लवकर शिरतो, आणि सहाव्या महिन्यात ५० ग्रॅमऐवजी ३० ग्रॅम भरली की आपण बियाण्याला शिव्या घालतो.

आता तुमच्या तळ्याकडे वळू. ३० बाय ३० बाय ३, बाजूंचा उतार दीडास एक (मीटरभर खोलीला दीड मीटर आत) धरला तर तळ उरतो २१ बाय २१ मीटर, आणि पाणी मावतं साधारण १९७० घनमीटर. हिशेबाला सोपं म्हणून २००० घनमीटर, वीस लाख लिटर धरू. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे चार ठिकाणी लागणार आहे. यात लिटरमागे १ मिलिग्रॅम प्राणवायू म्हणजे पूर्ण तळ्यात २ किलो.

हे तळं बागेला पाणी साठवायला खोदलंय. कोळंबीचा तलाव मुद्दाम बांधतात तेव्हा पाणी सरासरी मीटर-सव्वा मीटरच ठेवतात. तुमच्याकडे ३ मीटर. दुपारच्या उन्हात वरचं पाणी तापतं, हलकं होतं, खालचं गार पाणी तसंच पडून राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. शेवाळ उजेडाला, म्हणजे वरच्या थरात, प्राणवायूही तिथेच. कोळंबी राहते खाली, जिथे उजेड पोचत नाही आणि खाद्याचा, विष्ठेचा, तुमच्या झावळ्यांचा गाळ कुजत पडलाय. तुम्ही मीटर कुठे धरता? काठावर बसून, हात लांब करून, वितभर पाण्यात, हो ना? म्हणजे वेळही चुकीची आणि जागाही. आणखी एक, ४५०० बीज तुम्ही ९०० चौरस मीटरच्या हिशेबाने सोडलंत, चौरस मीटरला पाच. पण कोळंबी तळ्याच्या तोंडावर राहत नाही. तळ ४४१ चौरस मीटरचाच आहे, तिथे चौरस मीटरला दहा झाली. निसरड्या उतारावर थोडी बसते, पण फार नाही.

परतीच्या पावसाने काय केलं तेही यातच आलं. आधी ऑक्टोबरचं ऊन, पाणी घट्ट हिरवं झालं. मग दोन-तीन दिवस ढग, शेवाळाची कमाई बंद, खर्च चालू. त्यात संध्याकाळी पावसाची जोरदार सर. ते गार पाणी खाली उतरतं, तळातलं वर येतं आणि खाली साठलेली सगळी घाण एका रात्रीत आख्ख्या तळ्याच्या वाट्याला येते. कधी कधी शेवाळच एकदम मरतं. सकाळी हिरवं पाणी तपकिरी किंवा अचानक नितळ दिसतं, काठाला फेस येतो. पाणी स्वच्छ झालं म्हणून माणूस खूश होतो. तो दिवस सगळ्यांत वाईट, कारण आता बनवणारं कुणी नाही आणि कुजणारं सगळं आहे. आईंचा ‘जड’ हा शब्द मला म्हणूनच आवडला. तळाचं पाणी खरोखरच जड असतं.

लांब काठीला वाटी बांधून तळाच्या मध्यावरचा थोडा गाळ काढून बघा. काळा असेल आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर तिथे प्राणवायू संपलाय आणि कोळंबीला विषारी असणारा वायू तयार होतोय. अशा वेळी गाळ ढवळायचा नाही. काढायचा, आणि काढायचा सोपा रस्ता तुमच्या बागेतूनच जातो. पुढे बागेला जेव्हा केव्हा पाणी द्याल तेव्हा ते तळातून द्या. दिवसा, उन्हात, फुटव्हॉल्व्ह तळाशी सोडून, त्याभोवती बारीक जाळीचा पिंजरा करून. कलमांना गाळाचं पाणी चालतं, उलट आवडतं. कोळंबीचं ओझं जातं, पाण्याची खोलीही थोडी उतरते. सहसा आपण उलटं करतो, वरचं चांगलं पाणी बागेला आणि खालचं कोळंबीला.

खाद्याबद्दल आता रोखठोक लिहितो. ४५०० पैकी ८० टक्के जगल्या असं धरलं तर ३६०० कोळंबी, २० ग्रॅमने ७२ किलो वजन. या वयाला दिवसाचं खाद्य वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास पुरतं, म्हणजे साडेतीन किलो. तुम्ही ६ घालता. वरचं अडीच किलो कुणाच्या पोटात जातं? जीवाणूंच्या. आणि एक किलो खाद्य, खाल्लेलं असो की कुजलेलं, शेवटी साधारण एक किलो प्राणवायू खातं. अडीच किलो जादा खाद्य म्हणजे रोज अडीच किलो प्राणवायू, तुमच्या तळ्याच्या हिशेबात लिटरमागे सव्वा मिलिग्रॅम. पहाटे ३ असेल ते पावणेदोनवर येतं, ते याने. दुकानदाराच्या ८ किलोंचा हिशेब तुम्ही स्वतः करा, आणि तो करून झाला की दुकानात जाताना हे पान बरोबर न्या. त्याचा धंदा खाद्य विकण्याचा आहे, त्याला दोष देत नाही. पण तळं तुमचं आहे.

पाणी सुधारल्यावर खाद्य पुन्हा सुरू कराल ते ताटातून बघत. जाळीची चार ताटं करून चार कोपऱ्यांत तळाशी सोडा, दिवसाच्या खाद्यातलं थोडं त्यांत ठेवा, दोन तासांनी उचला. उरलेलं दिसलं तर दुसऱ्या दिवशी कमी. ढगाळ दिवशी निम्मं. पहाटेचा आकडा ३ च्या खाली आला असेल तर त्या सकाळी काहीच नाही, ४ च्या वर चढेपर्यंत. कोळंबी रात्री खाते म्हणून खाद्याचा मोठा वाटा संध्याकाळी घालायचा असं शिकवतात, ते बरोबरच आहे. पण पाणी आजारी असताना मी संध्याकाळचा वाटा कापतो, सकाळी उशिराचा ठेवतो.

झावळ्यांची कल्पना वाईट नव्हती. कात टाकणाऱ्या कोळंबीला आडोसा हवाच. पण ओली झावळी पाण्यात कुजते, कुजताना प्राणवायू खाते, म्हणजे आडोसाच गळा दाबतो. त्याऐवजी जुनी मासेमारीची जाळी बांबूला बांधून पडद्यासारखी लटकवा, पीव्हीसी पाइपाचे वीतभर तुकडे गठ्ठ्याने सोडा. आमच्या भागात कुणीकुणी मंगलोरी कौलं टाकतात, मातीच्या तळ्यात ती छानच. कागदावर मात्र खाली गोणपाट घातल्याशिवाय नको, एक कोपरा टोचला तर कोळंबीऐवजी पाण्याचीच चिंता करत बसाल.

गोळ्यांचं. या गोळ्यांत बहुधा सोडियम परकार्बोनेट असतं. पाण्यात विरघळलं की त्याच्या वजनाच्या साधारण १३ टक्के प्राणवायू सुटतो. तुमच्या ५ किलोंतून साडेसहाशे ग्रॅम सुटला, २००० घनमीटरमध्ये तो लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम. फरक दिसणार कुठून? आख्खं तळं १ मिलिग्रॅमने उचलायला १५ किलो लागतील, तेही एका रात्रीपुरते. गोळी तळाशी जाऊन पडते, तिथे जवळच्या चार कोळंब्यांना घटकाभर बरं वाटतं, एवढं मी मान्य करतो. वीज गेली, पंप बंद पडला, तर एका कोपऱ्यात टाकायला दोन-चार किलो घरात असू द्या. पण रोजचा उपाय म्हणून नको. बीज आणलंत तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत पाण्यावर सिलिंडरचा ऑक्सिजन भरून दिला होता, आठवतं? तिथे तो उपयोगी होता, कारण पाणी काही लिटर होतं.

एअरेटर घ्या, पण चकचकीत जाहिरात बघून नको. तुमच्या वजनाला एक एचपी भरपूर झाला. कोळंबी-पालनात ढोबळमानाने एका एचपीवर चारेकशे किलो सांभाळतात, तुमची काढणीच्या वेळीही दीडेकशे किलोच असेल. पाणी तहानलेलं असताना एक एचपीचा पंखा प्रत्यक्षात तासाला अर्धा ते पाऊण किलो प्राणवायू पाण्यात घालतो. पाच तास चालवलात तर तुमचं तळं सव्वा ते जवळजवळ दोन मिलिग्रॅमने सावरलं. म्हणून तर म्हटलं, आधी खाद्य कापा. अडीच किलो खाद्य वाचवणं आणि रात्रभर पंखा चालवणं यांत प्राणवायूचा हिशेब जवळजवळ सारखाच येतो, विजेचं बिल मात्र एकाचंच येतं.

प्रश्न प्रकाराचा आहे. तो पाणी उडवणारा चाकाचा पंखा उथळ तलावासाठी. तुमच्या ३ मीटरमध्ये तो वरचाच थर ढवळत बसेल. तुम्हाला ब्लोअर (हवा दाबून सोडणारं यंत्र) आणि पाण्यात सोडलेली बारीक छिद्रांची नळी जास्त उपयोगी, कारण बुडबुडे खालून वर येताना तळाचं पाणी बरोबर उचलतात. पण घेताना ब्लोअर किती खोलीपर्यंत हवा दाबू शकतो ते विचारून घ्या. बरेच लहान ब्लोअर दोन मीटरच्या खाली दमतात, तापतात. नळी दोन मीटरवर टांगली तर बहुतेक कामं होतात आणि गाळही उठत नाही. दुपारी एक-दोन तासही चालवा. वर जादा झालेला प्राणवायू हवेत उडून जाण्याऐवजी खाली पोचतो. ही दुपारची फेरी लोक वाचवतात, मी वाचवत नाही. आणि शेतीची वीज रात्री कुठल्या दिवशी असते, कुठल्या दिवशी नसते, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, त्याप्रमाणे एखादा पेट्रोलवरचा पंप शेजारून मागायची सोय बघा.

पहाटे चारला रोज उठायची गरज नाही, त्याला एक युक्ती आहे. अंधार पडल्यावर सातला मोजा, पुन्हा दहाला मोजा. समजा सातला ८ आणि दहाला साडेसहा आले. तीन तासांत दीड गेला, तासाला अर्धा. रात्रीचा खर्च साधारण याच वेगाने चालतो, म्हणून कागदावर सरळ रेषा ओढा: सकाळी सहाला आणखी चार जातील, उरतील अडीच. तीनच्या सुमारालाच ४ ची रेषा लागते, म्हणून पंप दोनला चालू करायचा. दहाच्या आकड्यावरून सहाचा आकडा ४ च्या वर दिसला तर झोपा. आठवडाभर पहाटेही उठून तपासा, रेषा किती खरी ठरते ते कळेल, नंतर तुमचा हात बसेल.

मोजताना प्रोब (मीटरच्या वायरचं मोजणारं टोक) तळापर्यंत सोडायचा, गाळाच्या वितभर वर थांबवायचा आणि हळूहळू हलवत राहायचं. साधा प्रोब स्वतःच आसपासचा प्राणवायू खातो, स्थिर धरलात तर आकडा खोटाच खाली येतो. दर आठवड्याला ओल्या फडक्यात, हवेत धरून मीटर जुळवून घ्या. खात्रीसाठी बाटलीतली रासायनिक चाचणीही एकदा करा. हंगेरीच्या विंकलर नावाच्या रसायनतज्ज्ञाने ती १८८८ मध्ये बसवली आणि आजही मीटर खरा की खोटा हे तिच्यावरूनच ठरवतात. पहिली दोन औषधं घातल्यावर जो साका बसतो तो तपकिरी असेल तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाहीच. पांढरा साका तळाच्या पाण्यात एकदा बघितलात की माझं इतकं लिहिणं वाया गेलं असं वाटेल, कारण तो लगेच पटतो. रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय तुमच्यापासून फार लांब नाही, पाणी तपासायला तिथे विचारा. त्याच वेळी सामू (पीएच), क्षारता आणि अमोनियाही बघून घ्या.

कोळंबी लहान-मोठी होते आहे ते वेगळंच दुखणं, किंबहुना दुखणं नव्हेच. या जातीत काही नर लांब निळ्या नांग्यांचे दांडगे होतात, काही नारिंगी नांग्यांचे, काही खुरटेच राहतात, आणि दांडग्यांच्या धाकाने खुरटे खुरटेच राहतात. ते खाद्याने सुटत नाही. पाणी सावरल्यावर, नोव्हेंबरात, निळ्या नांग्यांचे मोठे नर निवडून काढून विका. मागचे पुढे येतात, तळ्यावरचं वजनही उतरतं. काढणी मात्र सकाळी नऊनंतर, पहाटे जाळं ओढू नका.

आणि आईंना एक वही द्या. किती कोळंबी काठाला, किती वाजता, आकाश कसं होतं, बगळे किती. पंधरा दिवसांनी ती वही आणि तुमचे सात-दहाचे आकडे मला पाठवा. मीटरची वायर तळापर्यंत पोचेल एवढी लांब आहे ना, ते मात्र आजच बघा. बऱ्याच मीटरांना ती एक मीटरचीच येते.